मधला डबा

आमच्या सानपाड्याच्या इमारतीत चोवीस बिऱ्हाडं होती, आणि त्यांतल्या एकाही घरात स्वतःचे सगळे डबे नव्हते. हे निरीक्षण माझं नव्हे, निकममामांचं. त्यांनी ते जिन्यात सहज बोलून दाखवलं आणि मी खात्री करायला घरी जाऊन ओट्याखालचं कपाट उघडलं. सासूबाईंच्या नावाचे चार डबे होते. दोन डबे कुणा 'सौ. भागीरथी' यांचे होते. या भागीरथीबाईंना आमच्या घरात कुणीही ओळखत नव्हतं. आणि एकावर कोरलं होतं, 'सत्यनारायण पूजेनिमित्त, बी विंग'. आमच्या इमारतीला बी विंगच नाही.

मामा आमच्या ज्युनियर कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक होते. मी तिथंच शिकवते. कॉलेजात अशा माणसाला सगळेच मामा म्हणतात, प्राचार्यही म्हणतात. त्यामुळे त्यांचं नाव बाबूराव आहे हे मला त्यांच्या निरोप समारंभात कळलं. तोवर आम्ही वीस वर्षं एका लॅबमध्ये काढली होती आणि त्यांतली बारा एका इमारतीत. ते तिसऱ्या मजल्यावर, मी दुसऱ्या. माणूस साताऱ्याकडचा, अंगानं काटकुळा. खांद्यावर पिवळं फडकं, खिशात टेस्टर आणि खडूचा तुकडा. रिटायर झाल्यावर फडकं सुटलं, टेस्टर आणि खडू सुटले नाहीत.

जिना चढताना मामा वाटेतल्या प्रत्येक दारापुढच्या चपला सरळ करत वर जायचे. वाकायचे नाहीत, पायाच्या अंगठ्यानं चप्पल फिरवायचे, आणि तेही बोलणं न थांबवता. संध्याकाळी दार उघडल्यावर चपला कवायतीला उभ्या असल्यासारख्या दिसल्या की सासूबाई म्हणायच्या, "निकम वर गेले वाटतं." सकाळपर्यंत चपला पुन्हा चहू दिशांना गेलेल्या असत. मामांना त्याचं वाईट वाटत नसे. ते म्हणायचे, "पसाऱ्याला कारन लागत न्हाई मॅडम. आवरायला मानूस लागतो." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किमान हजार वेळा ऐकलं असेल.

त्या वाक्याच्या मागे शास्त्र होतं, आणि ते मला त्यांनीच शिकवलं. मी नोकरीत नवी होते. वर्गात एन्ट्रॉपी शिकवायची होती. काचेच्या भांड्यात पाणी घेतलं, शाईचा थेंब टाकला, थेंब झकास पसरला. "आता ही शाई आपोआप पुन्हा गोळा होईल का?" मुलं म्हणाली, नाही. "का नाही?" मुलं गप्प. खरं सांगायचं तर मीही गप्पच झाले. व्याख्या मला पाठ होती, कळलेली नव्हती. मग मी ती फळ्यावर लिहिली, मुलांनी वहीत उतरवली, आणि कुणाचंच काही बिघडलं नाही.

तास संपल्यावर मामा भांडं धुवायला आले. "राग मानू नका मॅडम, पन तुमी पोरांना थेंब दावला, किल्ल्या न्हाई दावल्या."

लॅबच्या दारामागे एक फळी होती. अकरा कपाटांच्या अकरा किल्ल्या, अकरा खिळ्यांवर. प्रत्येक खिळ्याखाली खडूनं नंबर.

"ह्या बरोबर लावायच्या तर किती तऱ्हेनं लागतील? एका. फकस्त एका. आन चुकीच्या? मोजत बसलात तर रिटायर व्हाल. आता ज्याला काय पडलेलं न्हाई असा एक मानूस किल्ल्या अडकवायला आला. त्येच्या हातनं काय हुईल? चुकीचंच हुईल. त्यो वाईट न्हाई वो. चुकीच्या तऱ्हा जास्त हायेत, एवडंच."

मी घरी जाऊन गुणाकार केला. अकरा किल्ल्या अकरा खिळ्यांवर लावायच्या चार कोटींना थोड्याच कमी तऱ्हा निघाल्या. त्यांतली एक बरोबर. शाईचंही तेच होतं. तिचे कण एका जागी गोळा होऊन बसतील अशा तऱ्हा थोड्या, पाण्यात कुठंही भटकत राहतील अशा अगणित. शाईला पसरायची हौस नसते; कण नुसते हलत राहिले तरी बहुतेक वाटा पसरण्याकडेच जातात. एन्ट्रॉपी म्हणजे त्या तऱ्हांचं मोजमाप, आणि आपण काही केलं नाही तर ती वाढते ती याच कारणानं. तेव्हापासून मी मुलांना किल्ल्यांची फळीच दाखवते. मामांचं नाव न घेता दाखवते, हेही इथं कबूल करून टाकते.

अर्थात इतकं लगेच हरायचं माझ्या स्वभावात नाही. दुसऱ्या दिवशी मी खुसपट काढलं. "मामा, काटेकोर बोलायचं तर तुमचं उदाहरण चुकतं. पाण्यातले कण आपोआप हलत असतात. किल्ल्या आपोआप हलत नाहीत."

मामांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "किल्ल्या हलत न्हाईत? तुमी दोन दिस हितं बसा."

चहाच्या बाबतीत ते असेच कडक होते. समोर कप आला की तो रिकामा होईपर्यंत एक शब्द बोलायचे नाहीत. आम्ही स्टाफरूममध्ये गप्पांच्या नादात चहाचं पाणी करून घ्यायचो आणि मग गरम करून आणा म्हणायचो. मामा म्हणत, "च्या आपापला गार हुतो. आपापला गरम झालेला कुनी बगितलाय का?" आणि रिकामा कप विसळून टाकत.

पण त्यांचं खरं अस्त्र फ्रिज. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पाटकर, मूळचे मालवणकडचे, टापटिपीचा त्यांना फार अभिमान. एकदा त्यांनी सोसायटीचं ऑफिस असं चकचकीत केलं की बघायला मुद्दाम माणसं बोलावली. सगळे वा वा करत होते. मामांनी खोली पाहिली, मान डोलावली आणि विचारलं, "पाटकरसाहेब, तुमच्या घरी फ्रिज हाय न्हवं? त्येच्या मागं कदी हात लावलाय?"

"फ्रिजचा इथे काय संबंध?" पाटकर म्हणाले.

"आत गारेगार करतो न्हवं का त्यो? मग मागं गरम लागतं. आतली ऊब कुटं तरी टाकायलाच लागती. आन आतनं जेवडी काडली, त्याच्यापेक्षा जास्तच मागं टाकतो." एवढं बोलून मामा खाली पंपरूमकडे गेले आणि त्यांनी दाराची कडी काढली. दार स्वतःच्याच वजनानं उघडलं. तीन मोडक्या खुर्च्या, गेल्या चार गणपतींची मखरं, जुन्या ट्यूबलाइटी आणि वीस वर्षांची सर्क्युलरं धडाधड बाहेर आली. "हे बगा," मामा म्हणाले, "फ्रिजची मागची बाजू."

तेव्हापासून इमारतीत तो वाक्प्रचारच झाला. कुणाचा हॉल फारच आवरलेला दिसला की पाहुणे बंद बेडरूमकडे बोट दाखवून म्हणत, "ही फ्रिजची मागची बाजू का?" आमच्याकडे ती होतीच. मामा येणार असले की मी बेडरूमला बाहेरून कडी घालत असे.

असा हा पसाऱ्याशी झुंजणारा माणूस स्वतःच्या घरात मात्र नऊ वर्षं आरोपी होता.

शालनमामी म्हणजे त्यांच्या पत्नी. मामांच्या दुप्पट आवाज आणि मामांच्या दुप्पट स्मरणशक्ती. लग्नात त्यांना माहेरून पाच डब्यांचा संच मिळाला होता, एकात एक बसणारा. दिवाळीत त्यात फराळ, एरवी पाचही डबे झाकणांसकट एकमेकांच्या पोटात बसून माळ्यावर. प्रत्येकाच्या झाकणावर आणि बुडाला टिंबाटिंबांनी कोरलेलं होतं, 'सौ. शालन हिस आईकडून'. मामींच्या आईला वाचता येत नव्हतं. दुकानदारानं भलतंच काही कोरू नये म्हणून तिनं ती अक्षरं त्याच्याकडून दोनदा मोठ्यानं वाचून घेतली होती. मामी हे सांगायच्या तेव्हा तेवढ्यापुरता त्यांचा आवाज चारचौघांइतका व्हायचा. आई जाऊन बरीच वर्षं झाली. माहेराहून आलेलं त्यांच्याकडे आता एवढंच होतं.

नऊ वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मामींनी मधल्या डब्यात करंज्या भरून मामांना खालच्या मजल्यांवर पाठवलं. मामा डबा देऊन आले. कुणाला दिला, ते त्यांना आठवेना. अकरा किल्ल्या डोळे मिटून लावणारा माणूस! "दार उगडलं, हात आला, डबा गेला," एवढंच ते सांगू शकले. मामींनी दारोदार विचारलं. ज्यांना मिळाला त्यांनी केव्हाच तो चिवडा भरून पुढं पाठवला होता, त्या पुढच्यांनी त्याच्या पुढं. आमच्याकडे रिकामा डबा परत करायची पद्धत नाही, आणि भरलेला डबा जिथं पोचायला हवा तिथं पोचेलच असंही नाही. दोन वर्षांनी झाकण तेवढं परत आलं, दुसऱ्याच कुणाच्या डब्यावर बसून. मामींनी ते देवघरात ठेवलं.

मधला डबा गेल्यामुळे संच वाजायला लागला. दुसऱ्या नंबरच्या डब्यात चौथा सैल पडे. घरात भांडण कशावरूनही सुरू होवो, मग ते दूध उतू जाण्यावरून असो की मामांच्या चुलतभावावरून, मामी शेवटी माळ्यावरून संच काढत आणि मामांच्या कानाशी धरून हलवत. खडखड खडखड. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असल्या की तो आवाज आमच्या घरात यायचा आणि सासूबाई म्हणायच्या, "हरले निकम."

हे असंच आयुष्यभर चाललं असतं. पण गेल्या वर्षी आमची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. महिनाअखेर सगळ्यांनी घरं खाली करायची, तीन-चार वर्षं भाड्यानं कुठं तरी काढायची, मग नव्या टॉवरमध्ये परत. परत कोण येणार आणि कोण परस्पर विकून मोकळं होणार, कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही जुईनगरला जागा पाहिली. तळमजल्याच्या घरतकाकू माहेरगावी जासईला निघाल्या. मामांचा मुलगा द्रोणागिरीला बंदराजवळच्या एका गोदामात सुपरवायझर, तर मामा-मामी तिकडे. जो तो वेगळ्या दिशेला.

मामी एवढंच म्हणाल्या, "इमारत पडली की डबा गेला. मग कुनाच्या दारात इचारायचं?" त्या दिवशी त्यांनी संच हलवला नाही. मामांना ते फार लागलं. माझ्याकडे येऊन बसले, चहा समोर गार होऊ दिला, आणि म्हणाले, "मॅडम, शालनच्या आईनं मला पोरगा मानलं हुतं. त्यांची येक वस्तू मला सांबाळता आली न्हाई. अजून डबा ह्याच चोवीस घरांत हाय. आत्ता गावला तर गावला."

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर खडूनं नोटीस लागली. 'रविवारी सकाळी दहा वाजता पार्किंगमध्ये डबे-वापसी. प्रत्येकाने आपल्याकडील परके डबे रिकामे व कोरडे करून आणावेत. बुडावरील नाव वाचून ज्याचे त्याला परत केले जातील.' योजना चोख होती. चार मजल्यांची चार टेबलं, मध्ये मामा. डबा आला की उलटा करायचा, नाव वाचायचं, त्या टेबलावर ठेवायचा. मला तर वर्गात सांगायला नवं उदाहरण मिळाल्यासारखं वाटत होतं. चार कोटी तऱ्हांतून एक बरोबर तऱ्हा, माणसाच्या मेहनतीनं.

नोटिशीतल्या एका शब्दानं सगळं फिसकटलं. तो शब्द म्हणजे 'रिकामे'. बायकांनी तो वाचला, आणि मामांच्या वयाकडे बघून सोडून दिला.

रविवारी पहिल्या आल्या घरतकाकू. डबा काठोकाठ भरलेला. "काकू, रिकामा आना म्हनलं हुतं," मामा काकुळतीला येऊन म्हणाले.

"रिकामा?" काकूंनी डोळे मोठे केले. "आमचेत रिकामा डबा कोन देत नाय. आनि आता तं घर सोरून चाललो. असा अपशकुन करू काय?"

डब्यात जवळ्याची चटणी होती, आणि डबा त्यांच्याच शेजारच्या शुद्ध शाकाहारी बिऱ्हाडाचा होता. तिथून पुढे रांगच लागली. घर खाली करायचं म्हणून प्रत्येकीनं उरलेला रवा, बेसन, पोहे, शेंगदाणे संपवायला काढले होते. पन्नासेक डबे आले आणि त्यांतला एकही रिकामा नव्हता. पाटकरांनी तर खोबऱ्याच्या वड्यांचा डबा वर फडकं बांधून, फडक्यावर तुळशीचं पान ठेवून आणला होता.

आता भरलेला डबा उलटा कसा करणार? मामांनी पहिला डबा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला आणि खालून नाव वाचायला लागले. झाकण सैल होतं. चिवडा मामांच्या डोक्यावर, कानांत आणि शर्टाच्या खिशात टेस्टरभोवती. लोक हसून हसून खाली बसले. मामांनी शांतपणे एक शेंगदाणा तोंडात टाकला आणि पुढचा डबा घेतला. तो लाडवांचा होता, त्यामुळे त्यांनी नाद सोडला.

आणि इथं मी माझं डोकं चालवलं. वीस वर्षं हा विषय शिकवणारी बाई मी. म्हटलं, "मामा, बूड राहू द्या. झाकणावरचं नाव वाचा आणि देऊन टाका."

मामा थबकले. "मॅडम, झाकनाचा भरवसा न्हाई."

"अहो, एखाद-दुसरं चुकेल. बाकी तर लागतील."

मागून लोक घाई करत होते, ऊन पार्किंगमध्ये शिरलं होतं. मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि झाकणं वाचायला सुरुवात केली. भराभर डबे वाटले गेले. मलाही शेवेनं भरलेला एक मिळाला, झाकणावर सासूबाईंचं नाव. मामांनी स्वतःच्या हातानं दिला.

मग दुसरा प्रकार सुरू झाला. भरलेला डबा मिळालेल्या बाईला ज्यानं तो भरला त्याला काही तरी उलट द्यायला हवं. पण घरची भांडी खोक्यांत बंद. मग ती शेजारणीचा नुकताच परत आलेला डबा मागून घेई, त्यात आपल्याकडचं भरी, आणि देऊन टाकी. दुपारी एकपर्यंत पार्किंगमधले डबे सकाळपेक्षाही जास्त मिसळले होते. पाटकर येताना तीन परके डबे घेऊन आले होते, जाताना पाच घेऊन गेले. तृप्त मात्र सगळे झाले. मी इतक्या लोकांना एकत्र खिदळताना त्या इमारतीत कधी पाहिलं नव्हतं.

फक्त मधला डबा निघाला नाही.

मामा खुर्चीवर बसले. केसांत अजून चिवडा होता. मामी खाली आल्या, चार टेबलांवरून नजर फिरवली, आणि म्हणाल्या, "चला जेवायला." बस्स. मामा मला नंतर म्हणाले, "बोलली असती तर बरं वाटलं असतं वो मॅडम."

घरं सोडायच्या दिवशी त्यांचा टेम्पो सकाळीच भरला. मी निरोप द्यायला जिन्यात उभी होते. मामा तिसऱ्या मजल्यावरून एकेक पायरी उतरत आले. सवयीनं प्रत्येक दारापुढं पाय थांबत होता. पण बहुतेक दारांना कुलपं लागली होती आणि चपला नव्हत्या. आमच्या दारापुढं माझी एक जोडी होती. ती सरळच होती, मी पहाटे मुद्दाम लावली होती. मामांनी तरीही अंगठ्यानं तिला जरा हलवून पुन्हा नीट केलं. मला हसू आलं आणि डोळेही भरले. टेम्पो गेटाबाहेरच्या स्पीडब्रेकरवरून गेला तेव्हा आत कुठं तरी खडखडलं. मामींनी पुढच्या सीटवरून मागं वळून पाहिलं नाही.

जुईनगरला येऊन दहा-बारा दिवस झाले असतील. शेव संपली म्हणून मी डबा घासायला घेतला. पालथा केला, आणि बुडाला टिंबाटिंबांची अक्षरं दिसली. 'सौ. शालन हिस आईकडून.'

मी नळ बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. झाकण सासूबाईंचं, डबा मधला. पार्किंगमध्ये तो आला होता, मामांच्या हातात होता, आणि माझ्या शहाणपणामुळे त्यांनी तो माझ्या हवाली केला होता. सासूबाईंनी चष्मा लावून नाव वाचलं आणि एकच विचारलं, "खोबरं आहे ना घरात?" रिकामा नेण्याचा प्रश्नच नव्हता.

रविवारी वड्या भरून मी द्रोणागिरीला गेले. रस्त्यावर कंटेनरच्या ट्रेलरांची अशी रांग की रिक्षा पाऊण तास जागची हलली नाही. मामांचं घर चौथ्या मजल्यावर. गॅलरीतून कंटेनरचं यार्ड दिसतं, लोखंडी खोक्यांवर खोके नीट रचलेले. मी आत गेल्या गेल्या मामांनी आधी तेच दाखवलं. "काय आवरलंय बगा मॅडम! रोज सकाळी हितं हुबा ऱ्हातो." मी रस्त्यावरच्या रांगेकडे बोट दाखवलं. मामा हसले. "फ्रिजची मागची बाजू." मग हळूच म्हणाले, "चपला सरळ करायला हितं कुनाच्या चपलाच न्हाईत. समदे शू-रॅकवाले."

मी पिशवीतून डबा काढला आणि मामींच्या हातात दिला. मामींनी वड्या ताटात काढल्या आणि सवयीनं डबा पालथा केला. बोट अक्षरांवरून फिरलं, थांबलं.

"वाचा," त्या मला म्हणाल्या.

"सौ. शालन हिस आईकडून."

"आनि येकदा."

मी आणखी एकदा मोठ्यानं वाचलं. मामी पदर तोंडाला लावून आत गेल्या. मी सगळा प्रकार सांगितला, माझी चूक कबूल केली. मामांनी कपाळाला हात लावला. "माज्याच हातनं दिला व्हय!" आणि इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मग त्यांनी संच काढला. डबा फडक्यानं पुसला. मामींनी देवघरातलं झाकण आणून दिलं, ते बसलं. एकात एक पाचही डबे गेले. मामांनी संच कानाशी धरून हलवला. आवाज नाही. पुन्हा हलवला, आवाज नाही. वीस वर्षांत कुठलाही प्रयोग बरोबर आल्यावर त्यांचा चेहरा असा झालेला मी पाहिला नव्हता. त्यांनी संच दोन्ही हातांनी मांडीवर घेतला आणि तसेच बसून राहिले.

चहा झाला, मी निघाले. मामी शेंगदाण्याचे लाडू घेऊन स्वयंपाकघरातून आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "मधला काडा."

"का?"

"मॅडमना लाडू द्यायचेत."

मामांनी संच छातीशी धरला. "अगं, नऊ वर्सांनी आलाय! पाच मिंटं झाली न्हाईत. पिशवीत दे की!"

"पिशवी कोन परत आनून देतं?" मामी म्हणाल्या. "हितं येऊन पंधरा दिस झालं. कुनी दार वाजवलं न्हाई. आज हा डबा आला म्हनून मॅडम आल्या."

मामांनी संच हळूच खाली ठेवला. त्यांनी एकेक झाकण काढलं, मधला डबा बाहेर काढला आणि उरलेले चार पुन्हा एकात एक बसवले. मामींनी लाडू भरले, स्वतःच्या नावाचं झाकण दाबून लावलं, आणि माझ्या हातात देताना बजावलं, "परत आनायचा. आनि रिकामा न्हाई."

खाली रस्त्यावर आल्यावर माझ्या लक्षात आलं की सासूबाईंचं झाकण वरच राहिलंय. मी मान वर केली. चौथ्या मजल्याच्या गॅलरीत मामा उभे होते. एका हातात सासूबाईंचं झाकण होतं, ते त्यांनी मला उंच करून दाखवलं. मी हातानंच म्हटलं, राहू द्या. तेव्हा त्यांनी ते काखेत घेतलं, संच उचलला, गॅलरीच्या कठड्याबाहेर धरला आणि माझ्याकडे बघत जोरजोरात हलवला. मागं मामी हसत होत्या. ट्रेलरांच्या गोंगाटात मला काहीच ऐकू आलं नाही, पण तो आवाज मला पाठ होता.